पाटलिणीचा डबा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात एक कोळी पाळलेला होता. हसू नका. माणसं कुत्रं पाळतात, पोपट पाळतात. माझ्या धाकट्या दिराला कोळी पाळायची हौस आली, त्याला मी काय करू? आणि कोळी म्हणजे माळवदाच्या कोपऱ्यात जाळं करतो तो चिमुकला नव्हे. हे तळहातभर पसरणारं जनावर, काळपट, अंगभर केस, पाय बोटाएवढे जाड. त्याला टॅरंटुला म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. नातवाच्या पुस्तकात त्याचं रंगीत चित्र आहे. ते पान आलं की मी पुस्तक मिटून त्याच्या हातात देते.

लग्न होऊन मी तेरहून या गावात आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गाव आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. घरात सासू-सासरे, दीर आणि मी. आमचे हे लांब सडकेच्या कामावर, कधीमधी यायचे. सासऱ्यांना मामा म्हणायचं, सासूला आत्या. मामांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर मी भिंतीकडं तोंड करून सांगायची, आणि तेही भिंतीकडं बघूनच उत्तर द्यायचे. माहेरी मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध, तिथं माझी जीभ गंजायची वेळ आली होती. दीर मात्र माझ्याच वयाचा. मी त्याला भावजी म्हणायची, तो मला वैनी. त्या घरात माझं जे काही हसणं-बोलणं झालं ते त्याच्याशी.

गावात कामाला येईल असा प्रत्येक हात तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होता. तिथं माती खणताना भावजींना एक बीळ दिसलं, तोंडाशी पांढऱ्या धाग्याचं अस्तर लावलेलं. बाकीच्यांनी कुदळी उचलल्या. यानं डोक्याचा टॉवेल सोडला, त्या जनावरावर टाकला आणि पुरचुंडी बांधून घरी घेऊन आला. शाळेत दुधाची भुकटी वाटायचे, तिचा रिकामा पत्र्याचा डबा कुठून तरी मिळवला, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, तळाला माती भरली. डबा ठेवला माझ्या चुलीच्या वरच्या कोनाड्यात.

"भावजी, तिथनं उचला आधी," मी म्हणाले. "माझ्या पिठात पडली तर भाकरीत थापीन."

त्यानं उचलला, पण दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. तिचं नाव त्यानं पाटलीण ठेवलं. का, तर ती नुसती दारात बसते आणि खाणं चालत तिच्यापर्यंत येतं. मामांनासुद्धा हसू आवरलं नाही. आमच्या वस्तीतल्या माणसांना हा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता.

आत्यांना मात्र ते पटलं नाही. त्यांचा सगळा राग पाण्यावरून होता. गावची विहीर आटलेली, टँकर यायचा तो वरच्या आळीत रिकामा व्हायचा, आणि आम्ही कुणी तरी घागरीत ओतील म्हणून उन्हात उभ्या. असं आणलेलं पाणी भावजी दौतीच्या बुचात घालून पाटलिणीपुढं ठेवायचा. डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळायचा.

"माणसाला घोटभर न्हाय आन् किड्याला पाजायलाय," आत्या म्हणायच्या. "उद्या मला तहान लागल्यावर त्याच बुचानं पाज."

"माझ्या वाट्याचं पाजतोय, आई."

आणि ते खरं होतं. तो स्वतः कमी प्यायचा. मला त्याचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. पाटलिणीच्या पोटाकडं त्याचं सारखं लक्ष. पोट भरीव असलं की ती बरी, सुरकुतलं की पाणी कमी पडलं. पोट आटलं की तिचे पाय नीट उघडत नाहीत, असं तो सांगायचा. डबा कधी उंच धरायचा नाही, पडली तर पोट फुटेल म्हणून. पोरीला जपावं तसा तिला जपायचा, आणि मी चिडवायची की भावजी, आता हिच्यासाठी स्थळ बघा.

एकदा ती त्याला चावली. डब्यातली माती बदलताना त्यानं आत हात घातला आणि अंगठ्याच्या मुळाशी तिनं पकडलं. हात मनगटापर्यंत सुजला. आग आग व्हायची, दंडात गोळे यायचे, तो दातावर दात धरून पडून राहिला. आत्यांनी घर डोक्यावर घेतलं. मग सूज उतरली, दोन-तीन दिवसांत तो पुन्हा कामावर गेला. पण तेव्हापासून त्यानं उघडा हात कधी डब्यात घातला नाही. तुराटीच्या काडीनंच सगळं करायचा. हे मी रोज बघत होते, म्हणून ठासून सांगते.

पुढं एक दिवस पाटलीण उताणी पडली. पाय वर, हालचाल नाही. आत्या म्हणाल्या, सुटलो बाबा, आणि डबा उकिरड्यावर पालथा घालायला निघाल्या. मी मधे पडले, म्हटलं भावजींना येऊ द्या, नाहीतर ते माझ्या नावानं रडतील. तो आला, बघितलं, आणि म्हणाला हात लावू नका कुणी. संध्याकाळपर्यंत तिनं कात टाकली. जुनं सगळं अंग, पायांसकट, बाजूला पोकळ पडलेलं, आणि ही शेजारी ओलसर, मऊ, नवी. आत्या बराच वेळ डब्यापाशी उकिडव्या बसून बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांची पाण्यावरची कुरकुर थांबली. उलट मला म्हणायच्या, "तिच्या बुचात हाय का बघ गं."

त्या उन्हाळ्यात गावच्या सोसायटीत भावजींना काम लागलं. पेरणी तोंडावर आलेली, पाऊस पडो न पडो, बियाण्याची पोती आली होती, आणि गुदामात माणूस हवा होता. आमच्या घरातलं पहिलं माणूस सोसायटीत चिकटलं. मामांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं आणि उगीचच गावातून एक फेरी मारून आले. एकेकाळी त्या इमारतीच्या पायरीवर बसलं तर उठवायचे आम्हाला.

काम काय, तर बियाण्याला औषध चोळायचं. किडे लागू नयेत म्हणून लाल पावडर. घमेल्यात ज्वारी घ्यायची, वर पावडर टाकायची आणि हातांनी कालवायचं. भावजी आणि वस्तीतल्या काही बाया दिवसभर तेच करायच्या. हात कोपरापर्यंत गुलाबी. धुवायला पाणी कुठलं? मातीत हात घासायचे, लुगड्याला पुसायचे आणि भाकरी सोडायची. भावजी तर राखणीलाही तिथंच, पोत्यांवरच झोपायचा. घरी आला की त्याच्या अंगाला एक कडवट, नाकात बसणारा वास यायचा.

"नवरदेव, मेंदी कुणी लावली?" मी विचारायची.

"सोसायटीनं, वैनी. हळद पण तीच लावणार."

बोलायला चांगला होता. असं काही बोलून गेला की माणूस गेल्यावर ते कानात राहतं, त्याला इलाज नाही.

पाटलिणीच्या खाण्याचे मात्र हाल झाले होते. रानात गवताची काडी नाही तर नाकतोडा कुठून येणार? पण गुदामात पोत्यांच्या सांदीला रातकिडे होते. कोपऱ्यात आपोआप सापडतात, पळतसुद्धा नाहीत, असं म्हणून भावजी खूश होता. काड्यापेटीत भरून आणायचा आणि डब्यात सोडायचा. पाटलिणीनं भराभर खाल्ले.

मग ती बिघडली. खाणं बंद झालं. पाय थरथरायला लागले, एक पाय उचलायची आणि तो हवेतच कापत राहायचा. भावजीला वाटलं पुन्हा कात टाकायची वेळ आली. तो रोज वाट बघायचा. त्याचं स्वतःचंही तेव्हा ठीक नव्हतं. डोकं धरून यायचा, खाल्लेलं ओकायचा, डोळ्याखालचं मांस आपोआप उडायचं. गुदामातल्या बायांनाही चक्कर येत होती. सगळे म्हणायचे, ऊन. त्या साली काहीही झालं तरी ऊनच कारण होतं, आणि उन्हाला कोण जाब विचारणार?

पाटलीण मेली ती उताणी पडून नाही. सगळे पाय पोटाखाली ओढून, मूठ आवळावी तशी. भावजीनं काडीनं हलवून बघितलं.

"वैनी, ही कात न्हाय," तो म्हणाला. "पाणी कमी पडलं वाटतं माझ्याकडनं."

त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी त्याला म्हणाले, एवढं काय ते, पाऊस पडला की डोंगरात दुसरी सापडेल. डबा त्यानं तसाच कोनाड्यात ठेवला. पुरायला मन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुदामातून घरी आला आणि दारातच पडला. हातपाय ताठ, मान मागं, तोंडाला फेस. झटका आला आणि ओसरला. आत्यांची नजर पहिल्यांदा गेली ती डब्यावर. "चावली," त्या म्हणाल्या. "पुन्हा चावली त्याला."

शेजारीपाजारी जमले. कुणी तरी निंबाचा डहाळा आणला. आमच्याकडं विषारी काही चावलं की पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला तर चढलं. भावजी शुद्धीवर होता. त्यानं पाला चावला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाय."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला, खोटं कशाला बोलू. म्हणे, ताकदीचं विष नाही, उतरेल आपोआप, मागच्या वेळी उतरलं तसं. त्या एका कडू पाल्यापायी आमची दुपार गेली. मग दुसरा झटका आला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा.

शेजारची म्हातारी म्हणाली, मारुतीच्या पारावर न्या, उतरवणारा बोलवा. मामांनी तिच्याकडं बघितलंही नाही. धर्म बदलल्यापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा बंद होता आणि मामा त्या बाबतीत कडक. "डॉक्टर," एवढंच म्हणाले. बैल चारा-छावणीत होते, गाडी नुसती उभी. वस्तीखाली टँकर परत निघालेला, मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं घेतलं.

निघताना मामा मागं फिरले आणि कोनाड्यातला डबा घेतला. आमच्याकडं साप चावला तर मारलेला साप काठीवर घेऊन जायचं, विंचू असला तर कागदात. काय चावलं ते डॉक्टरनं डोळ्यांनी बघितलं की औषध नेमकं मिळतं. मामा शिकलेले नव्हते, पण शहाणपणानं वागायचं त्यांनी ठरवलेलं होतं. वाटेनं भावजीचं डोकं माझ्या मांडीवर आणि डबा मामांच्या मांडीवर. मामांनी झाकणावर दोन्ही हात दाबून धरले होते.

तालुक्याच्या गावी एका खासगी डॉक्टरकडं गेलो. मामांनी भावजीच्या आधी डबा पुढं केला. डॉक्टरनं झाकण काढलं आणि मागं सरकला. असलं जनावर त्यानंही बघितलं नसावं.

"हे चावलं?"

"व्हय साहेब. मागं बी चावलं हुतं. हात बघा कसा लाल झालाय."

डॉक्टरनं हात बघितला. कामानं भेगाळलेला, गुलाबी. अंगठ्याशी जुना व्रण होता, त्यावर त्यानं बोट ठेवलं आणि मान हलवली. मी पदराआडून बोलले. तिथं भिंत शोधत बसले नाही. म्हणाले, ती कालच मेली साहेब, आज कशी चावंल? कंपाउंडर म्हणाला, काही किडे चावले की मरतातच, बाई, मधमाशी बघा. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले. डॉक्टरनं विषावरचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, मनगटाच्या वर आवळून पट्टी बांधली. त्या माणसाला मी शिव्या देत नाही. त्याच्यापुढं आम्ही चावणारं जनावर ठेवलं होतं, तो आणखी कुठं बघणार? अंग पुसून काढा, हात धुवा, असं कुणीच म्हणालं नाही. ती पावडर शेवटपर्यंत भावजीच्या अंगावरच होती.

दिवस मावळायच्या आत तो गेला. माझ्या हातात त्याचा हात होता आणि तो शेवटपर्यंत थरथरत होता. मग थांबला.

घरी परतल्यावर मामांनी डबा अंगणात ठेवला आणि दगडानं ठेचला. पत्रा चपटा झाला तरी ठेचत होते. कुणी त्यांना अडवलं नाही. आत्या म्हणत राहिल्या, मीच गं तिच्या बुचात पाणी घालायला सांगायची, मीच. त्यानंतर घरात साधा कोळी दिसला तरी मामा चप्पल घेऊन उठायचे.

सोसायटीतून निरोप आला की तुमचं माणूस गेलं, त्याच्या जागी घरातलं कुणी येत असेल तर घेऊ. आत्या नको म्हणाल्या. पण तलावाचं काम संपत आलेलं, दुष्काळात वाटायच्या त्या सुकडीच्या पिठावर तीन पोटं किती दिवस जगणार? मामा भिंतीला म्हणाले, जाऊ दे तिला. मी गेले. त्या गुदामात मी एकच दिवस काम केलं.

घमेलं पुढं घेतलं, पावडर टाकली, कालवायला लागले. वास ओळखीचा होता, भावजीचा. हात गुलाबी झाले तेव्हा त्याची मेंदी आठवली आणि मला तोंड फिरवून रडायला आलं. दुपारी भाकरी सोडायला म्हणून भिंतीकडं तोंड करून बसले. तिथं पोत्याच्या सांदीत एक रातकिडा होता. बोट लावलं तरी पळाला नाही. उताणा पडलेला, आणि पाय हवेत कापत होते. शेजारी दुसरा, त्याचेही तसेच. मी वाकून बघितलं. त्या सांदीत असे कितीतरी होते, काही मेलेले, काही थरथरणारे, आणि सगळ्यांवर लाल भुकटी.

हे थरथरणं मी दोनदा बघितलं होतं. एकदा डब्यात आणि एकदा माझ्या हातात.

भाकरी तिथंच टाकली. बायांना ओरडून सांगितलं, या हातानं घास घेऊ नका, ही पावडर माणूस मारते, आमचा भावजी हिनंच मारला. एक हसली, दोघींनी हात आखडले. सोसायटीचा सेक्रेटरी काय झालं म्हणून विचारत होता, त्याच्या अंगावरून तशीच निघाले. गावातून डोक्यावरचा पदर नाही, पायात चप्पल नाही, अशी घरी आले. मामा ओट्यावर बसलेले, आत्या आत. मी भिंतीकडं वळले नाही. मामांच्या तोंडाकडं बघून बोलले.

"मामा, ती चावली नव्हती. पावडरनं गेले भावजी. तीच पावडर रातकिड्यांत, तेच किडे तिनं खाल्ले. ती बी त्यानंच मेली. आपण चुकीचं जनावर घेऊन गेलो दवाखान्यात."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. पण ते तोंडातून निघून गेलं आणि ते खरंच होतं. मामांचा चेहरा पांढरा पडला. आत्या उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. "म्हंजी तिनं कुणाचं कायच केलं न्हाय?" एवढंच विचारलं त्यांनी.

मामांचं लक्ष माझ्या हातांवर गेलं. कोपरापर्यंत गुलाबी होते. ते उठले, आत गेले आणि पिण्याच्या पाण्याची घागर घेऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवशीचा टँकर येईपर्यंत घरात होतं ते सगळं पाणी तेच.

"हात पुढं कर," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट बोलले ते हे पहिलंच.

मी म्हणाले, नको मामा, मातीनं घासते, पिण्याचं हाय ते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओतायला लागले. आत्यांनी चुलीतली राख आणली आणि माझे हात घासायला बसल्या, बोटांच्या बेचक्या, नखं, कोपर. पाणी लाल होऊन ओट्यावरून खाली चाललं होतं. मामा थांबले नाहीत. ओतताना ते रडत होते, आवाज न करता, आणि नजर माझ्या हातांवरच होती.

घागर रिकामी झाली. नखांत अजून रंग होता.

"दुसरी आण," मामा आत्यांना म्हणाले.

दुसरी घागर नव्हती. आत्या तरीही उठून आत गेल्या.